पासंग

मारोन्यासच्या मैदानावर सव्वीस वर्षं मी काटा वाचला.
घोड्यांतलं मला आजही काही कळत नाही,
तपकिरी तो तपकिरी, इतकंच.
जॉकी मात्र दारातून आत येतानाच कळायचा:
एक्कावन्न. साडेत्रेपन्न.
हा काल रात्री जेवला.
हा रडलाय (रडण्यानंही उतरतं, पण फार नाही).

जानेवारीत, माँतेविदेओचं डांबर बुटांना चिकटायचं तेव्हा
ते लोकरीचे दोन-दोन कोट चढवून नदीकाठानं पळायचे.
लिंबू चोखायचे आणि थुंकायचे, गिळायचे नाहीत.
बेलार्मिनो ओचोतेको तर तबेल्यामागच्या लिदीच्या ढिगात
गळ्यापर्यंत पुरून घ्यायचा स्वतःला,
आणि वर उरलेल्या डोक्यानं
पोरांना पैजांचे हिशेब सांगायचा.
सगळे गेले. कुणी कुंपणावर, कुणी किडनीनं.
बेलार्मिनो दारूनं.
गेला तेव्हा सत्तेचाळीस होता,
वय नाही सांगत मी.

निकासिओ उर्दांगरीनचं हाडच चिमणीचं.
त्याला उपास नको, उलट भर घालावी लागायची:
खोगिराखालच्या कापडी खिशात शिशाच्या पट्ट्या.
शनिवारी दुपारी तो काट्यासमोर बसून
पाव आणि चीज खायचा, सावकाश,
आणि बाकीचे भिंतीकडे तोंड करून बसायचे.
घोड्यावर तर ते त्याच्या
पासंगालाही पुरत नसत.

सत्तावन्नचा ऑगस्ट. हात गारठलेले.
तोर्कासा नावाची घोडी, जिला कुणी विचारत नव्हतं,
दीड लांबीनं जिंकली.
बाहेर टोप्या उडत होत्या.
तो खोगीर कवटाळून काट्यावर बसला
आणि काटा
तीनशे ग्रॅम अलीकडे थांबला.

मी थोडा थांबलो. काटे कधी कधी विचार करतात.
हा करत नव्हता.
त्यानं खिसा चाचपला. शिवण उसवलेली.
"वळणावर पडली असणार," म्हणाला.
"मांडीला काहीतरी लागलं होतं खरं."
मी आकडा मोठ्यानं वाचला.
त्याचाच तर पगार होता मला.

चौकशीत विचारलं:
निघताना शिवण तपासली होती का?
तपासायचं काम माझं.
मी म्हणालो, हो. धड होती.
म्हणजे मग ती त्यानंच उसवली.
दोन ओळींचा निकाल, अठरा महिने बंदी.
त्या वयात अठरा महिने मोजायचे नसतात,
ते कायमचेच असतात.

सहा आठवड्यांनी गवत कापणारा म्हातारा
शिशाची एक पट्टी घेऊन आला.
मोठ्या वळणावर सापडली, म्हणाला,
माझ्या पात्याला दात पाडला हिनं.
मी त्याला दोन पेसो दिले.
तो गेल्यावर पट्टी काट्यावर ठेवली.
किती भरली ते सांगायला नको.
खण उघडला.
खण लावला.

पुढं कितीतरी वर्षं लोक म्हणत,
या माणसाच्या शब्दाला वजन आहे.

परवा तो रविवारच्या बाजारात दिसला.
पीच विकतो. पोट सुटलंय, गाल लाल,
हातात तराजू.
मला ओळखून ओरडला, "सांगा, किती असेन मी?"
"अडुसष्ट."
"एकाहत्तर!" पोटावर थाप मारून हसला,
"नजर गेली तुमची, दोन सिमोन."
मग किलोभर तोलले,
काटा माझ्या बाजूनं झुकू दिला
आणि वर आणखी एक पीच टाकलं.

माझ्या कोटाच्या खिशात ती पट्टी होती.
द्यायचीच म्हणून आणलेली.
तिसऱ्यांदा.

त्यानं पिशवी हातात दिली.
विचारलं, जड होतेय का?
नाही, म्हणालो.