आलो

बोग्लार्का हंगेरीहून आली तेव्हा तिच्याकडं
दोन बॅगा होत्या आणि एक वही.
वहीत उभ्या रेघा मारून तीन घरं: तो, ती, ते.
प्रत्येक क्रियापद तिनं तिन्ही घरांत बसवलेलं,
शाईनं, न चुकता.
त्यांच्याकडं म्हणे एकच घर.
बाई असो, बाप्या असो, शब्द तोच,
ओठ गोल करून म्हणायचा: ओ.
"मग कळतं कसं?" मालनआत्यानं विचारलं.
"कळायला कशाला पाहिजे," असं काहीतरी ती म्हणाली असावी.
चक्की सुरू झाली, ऐकू आलं नाही.

उत्तरेश्वर पेठेत आमची गिरणी.
मी शाळेत मराठी शिकवते,
म्हणून सहा महिने ती आमच्याकडं.
सकाळी माझ्याजवळ व्याकरण,
दुपारी आत्याजवळ डबे.
झाकणावर खडूनं लिहायचं:
हुजरे, जोंधळा. अत्तार, गहू.
सांगावकर वहिनी, भाजणी, जाड.

पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवल्याशिवाय
त्या खोलीत कुणालाच काही सांगता येत नाही,
म्हणून तिची मराठी मोठ्यानंच सुरू झाली.
"माफ करा" सुद्धा भांडल्यासारखं.
गंगावेशीत दूधकट्ट्यावर
तिचं "आणखी अर्धा!" ऐकून गवळी दचकला,
म्हैसही.

तिसऱ्या महिन्यात ती दारातून ओरडली,
"मॅडम, मी आलो!"

आले, बोग्ला. मी आले, मी गेले, मी जेवले.

तिनं वही बघितली, मग मला.
"आत्या आलो म्हणते. शेजारची तेजू आलो म्हणते.
पिठाला येणारी नऊवारी, ड्रेस, गाऊनवर टॉवेल,
सगळ्या दळण ठेवतो, मग येतो, म्हणतात.
सगळ्या चूक?"

"बोलताना चालतं," मी म्हटलं.

"मी बोलायलाच आलोय."

त्या रात्री झोप लागेना.
पुण्याचं वसतिगृह, एकोणीस वर्षांची मी,
काखेत वळकटी.
"मी कोल्हापूरहून आलो."
खाटेवरच्या तिघी एकमेकींकडं बघून हसल्या.
वाईट नव्हत्या. एकीनं तर कपाटात जागा करून दिली.
पण आठवडाभर दार उघडलं की,
"आलात का, साहेब?"
महिन्याभरात माझ्या लो चा ले झाला.
मी परदेशी गेले ती एसटीनं,
सहा तासांत, भत्त्याचा पुडा घेऊन.
दिवाळीला घरी आले तेव्हा
"पुण्याची झालीस की गं," म्हणत आत्यानं
माझ्या वाटीत रस्सा बेतानं वाढला.
तिखट सोसायचं नाही म्हणून.

तोंडी परीक्षा पुण्यातच होती.
बोग्लार्काचे गुण कापले. शेरा: लिंगाच्या चुका.
कागद गिरणीत आला.
आत्यानं चष्मा पुसला, पीठ आणखी पसरलं.
"चुका म्हंजे काय?"
मी सांगितलं.
ती हसली तशी पदरातनं पांढरा ढग उडाला.
"मग मला तर भोपळाच की!"

बोग्लार्का जाऊन दहा दिवस झालेत.
वही इथंच राहिली, की ठेवली, माहीत नाही.
पहिल्या पानावर, मी च्या ओळीत,
रेघा खोडलेल्या आहेत. शाई खोडताना
कागद फाटायला आला आहे.

खालून आत्याची हाक.
सांगावकर वहिनींचा डबा, नाव घालायचं राहिलंय.
मी ओ दिली.
पुढं जे म्हटलं ते
चक्कीत तिला ऐकू गेलं नाही.

म्हणून परत म्हटलं, जिन्यातून,
मोठ्यानं.