दाभण

मिरजेच्या मासळी बाजारातून
पेरूच्या क्रेटमध्ये आल्या दोघी,
कानाची टोकं कापलेल्या,
माणूस दिसला की फिसकारणाऱ्या.

आरवाडे अण्णा म्हणाले, कोंडा वीस दिवस
मागच्या खोलीत, बारदानाच्या ढिगावर.
जागा अंगाला लागली पाहिजे.
माणूस नाही लागला तरी चालेल.

दिवाणजींनी थट्टेनं मस्टरवर नावं चढवली:
एक काळी, एक बांडी.
पगाराच्या रकान्यात, सुकट.

मी दाभण घेऊन दारात बसते.
कुरतडलेलं पोतं, एक ठिगळ, तीन रुपये.
उंदराला हळद नको असते,
बिळाला ताग हवा असतो.
भोकातून हळकुंडं ओघळतात,
मी परत आत ढकलते, सुतळी ओढते.
बावीस वर्षं झाली.

एकविसाव्या दिवशी कडी काढली.
रात्री थप्प्यांमागं काय झालं, कुणी पाहिलं नाही.
सकाळी वजनकाट्यावर घूस,
शेपटीसकट,
मापाला ठेवल्यासारखी.

श्रावणात चाळीस पोती फाटलेली,
भादव्यात अकरा.
दिवाळीला चार.
माझ्या बटव्याला आधी कळलं,
मग अण्णांना.

बांडी अजून हात लावू देत नाही.
पंजाला हळद, मिशांना हळद,
नवरी म्हणावी तर नजरेत लाज नाही.
थप्पीवर बसून
माझ्या रिकाम्या दाभणाकडे बघते.

काय बघतीस गं, भवाने?
खाल्लंस ना माझं काम?

संध्याकाळी डबा झाकायच्या आधी
चतकोर भाकरी, बोंबलाचं डोकं
थप्पीआड ठेवून येते.
मागं वळून बघत नाही.
तिला आवडत नाही ते.