चाळीस अंशांवर

कॉटिंगहॅमच्या वसतिगृहामागं पत्र्याची शेड,
सहा मशिनं, सहा देशांची पोरं.
पिशव्या येतात रात्री साडेनऊला,
बाहेर उजेड असतो तरी, जुलैतला,
जायचं नाव न घेणारा.
मॉरीन म्हणते, आले बघ तुझे राजपुत्र,
आणि नाक धरून गाठ सोडते.

पोहणाऱ्यांचं काय, चड्डी आणि टॉवेल.
धावणाऱ्यांचा नुसता घाम.
फुटबॉलच्या पिशवीत मात्र अख्खा सामना असतो,
मला कुणी स्कोअर सांगावा लागत नाही.
कुल्ल्यावर हिरवी फरफट : हा डावा बॅक, दिवसभर घसरत होता.
बाही उसवलेली : कुणीतरी धरून ठेवलं, पंचानं बघितलं नाही.
मोज्यावर रक्त असलं तर आधी गार पाणी.
गरम पाण्यानं रक्त मुरतं,
हे आईनं शिकवलं, मंगळवार पेठेत,
भावांच्या कपड्यांवर.

कोल्हापुरात दोन भाऊ दोन तालमींकडं असले
की फायनलच्या आठवड्यात जेवायला वाढणारीचे हाल.
मैदानावर मी कधी गेले नाही.
गच्चीतनं ऐकायचे :
आरोळी वर जाऊन फुटली तर गोल,
वर जाऊन खाली बसली तर बारला लागला.
हलमध्ये तेवढंसुद्धा ऐकू येत नाही,
वारा सगळा हंबरकडून येतो
आणि सीगल.

माल्टाचा चौदा नंबर
सोमवारी आला तो घडी न मोडता.
बुधवारी काखेत थोडी ओल,
म्हणजे उठला असेल, रेषेकडेनं धावला असेल,
परत बसला असेल.
कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं हातानं घातलेलं नाव : झेराफा.
शेवटचा टाका ओढला गेलाय,
घाईत, नाहीतर चष्मा नसताना.
मॉरीन म्हणाली, हा स्वच्छच आहे, ठेव बाजूला.
मी टाकला आत.
म्हटलं, फिरू दे बाकीच्या दहा-पंधरांबरोबर,
त्यांचा चिखल लागला तर लागू दे.

शुक्रवारी त्यांचा शेवटचा सामना.
रात्री चौदा नंबर आला
पोटावर माती, दोन्ही कोपरांवर माती,
मोजे तर विचारूच नका.
मॉरीननं टाळी वाजवली. खेळला म्हणायचा पोरगा!

मी माती बोटांत चोळली.
आठवडाभर या मैदानाची माती धुतेय मी,
पिवळट असते, चिकट, धुताना पाणी चहासारखं होतं.
ही काळी. भुसभुशीत.
मोज्याच्या घडीत सालीचा एक तुकडा,
वसतिगृहाच्या दारात जिरेनियमच्या वाफ्यावर पसरतात तसला.

आमचा धाकटा, शिवाप्पा,
तीन वर्षं राखीव बसला.
मॅच संपली की नळावर थांबायचा,
कोपरं भिजवून जमिनीला घासायचा, मगच घरी.
आई विचारायची, दमलास का रं?
तो म्हणायचा, लई.
ती घासत बसायची दगडावर,
नळाकाठची माती वेगळी असते
हे तिला कळत नसेल असं मला कधी वाटलं नाही.

साल खिशात टाकली.
मॉरीनला म्हटलं, हो, बघ की, चांगलाच खेळलाय.
चाळीस अंश, कमी फेऱ्या, साबण निम्मा.
सकाळी त्यांची बस.
बाकी पंधरा लख्ख निघाले,
चौदाच्या कोपरांवर तेवढी छटा राहिली,
करडी, नीट बघितलं तरच दिसेल अशी.

राहू दे.
लाल दोऱ्याची बाई आहे ना तिकडं,
ती घासेल.