अर्धा किलो इकडे-तिकडे

सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलंय
चार किलो शंभर ग्रॅम.
ठवकर मॅडम म्हणाल्या, अंदाज असतो हा,
अर्धा किलो इकडे-तिकडे.

अर्धा किलोसाठी वरुडच्या बाजारात मी भांडते.
काटा खाली ठेव म्हणते, पासंग दाखव म्हणते.
इथं कुणाला म्हणू?

"एकोणचाळीस आठवडे भरलेत.
सोमवारी या, कळा यायचं औषध ठेवू.
नाहीतर थांबा.
थांबलात तर बाळ वाढेल, खांदा अडू शकतो.
आलात तर दोन दिवस लागतील कदाचित,
आणि तरी पोट कापावं लागेल कदाचित.
बहुतेक बाळं दोन्हीकडून नीटच येतात.
तुम्ही ठरवा."

मी मागं वळून पाहिलं.
मागं कुणी नव्हतं. वजनाचं मशीन होतं
आणि त्यावर कुणीतरी ठेवलेली पिशवी.

ऑटोत धक्के खात
आजवर काय काय ठरवलं ते आठवत होते.
साडीचा काठ.
रुंजीचं नाव,
तेही शाळेच्या दाखल्यावर वेगळंच पडलं.

घरी सगळ्यांकडे उत्तर तयार.
सासूबाई : "पौष चालू हाय, माघ लागू दे.
कया का कोनाच्या बोलावल्यानं येते का वं?"
कुंपणापलीकडून चंदा : "मले देल्ल्या होत्या.
दोन दिवस सलाईन, मंग फाडलंच.
पन पोट्टं पाय कसं गोलमटोल हाय."
नवरा बागेतून आला, घोट्यापर्यंत गारा.
"संत्र्याले आपन तान देतोच ना," म्हणाला,
"पानी तोडतो, मंग सोडतो,
मंग फुटतेच ना झाड."
पुष्कळ दिवसांनी एवढं बोलला.
"झाडाले कोनी इचारत नाई," मी म्हटलं.
तो काडीनं गारा खरवडत बसला.

रात्री सासूबाई माझ्या पायांना तेल लावायला आल्या.
कधी लावत नाहीत.
"मनोहरचा डावा हात," म्हणाल्या,
आणि थांबल्या.

भाऊजी लहानपणी झाडावरून पडले,
सात वर्षं मी हेच ऐकत आले,
रुंजीलाही हेच सांगितलं.
एका हातानं संत्री तोडतात ते,
डावा खिशात,
दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळल्यासारखा.

"पडला नाई तो. मोठा होता.
डोकं आलं, खांदा नाई आला.
सुइनीनं ओढला. जीव वाचला बाप्पा, हात गेला.
किती किलोचा होता, कोनं मोजलं?"
वाटीतलं तेल गोठत आलं होतं.
"आता तू तुह्या मनानं पाय."

म्हणजे जा की थांब,
मला कळलं नाही.
त्यांनाही माहीत नसावं.

पहाटे बरगडीखाली काहीतरी कठीण फिरलं,
टाच किंवा कोपर.
हातानं मापून पाहिलं.
वितीत मावलं नाही, एवढंच समजलं.

उजाडल्यावर आशाताईंना फोन लावला.
रंजूताई, मॅडमले इचारा,
खांदा अडला त तवा तिथं कोन असते?
भूल देनारे रातीले हजर असते
का अमरावतीहून बलावते?
कया देल्ल्यावर मले चालता येईन का
का खाटेलेच बांधून ठेवते?
त्या म्हणाल्या, असं कोनी इचारलं नाई अजून.
मंग लिहून घ्या, म्हटलं.

उत्तरं संध्याकाळी आली.
दोन बरी, एक अर्धवट.

मग मी सांगितलं,
चुलीपुढं, सगळे जेवत असताना,
भाकरी उलटता उलटता :
सोमवारी नाई. गुरुवारी जाईन.
तोवर आल्या त माह्या कया,
नाई त मॅडमच्या.
पौष असला त असला.

कुणी काही बोललं नाही.
भाऊजींनी ताट पुढं सरकवलं, आणखी भाकरी मागितली.

पिशवी भरली आहे.
फाईल, आधारकार्ड, जुन्या लुगड्याची दुपटी.
झबली दोन मापांची घेतली.