वजाबाकी

जेल रोडवर माझं दुकान, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं.
कॅसेटी येतात पिशव्यांतून, मुंजीच्या, बारशाच्या,
मी त्यांचे एमपीथ्री करून देतो. तासाचे साठ रुपये.

रेडेकाका एकच घेऊन आले.
लेबलवर निळ्या शाईत: पूरिया, रामबाग, सन शहाऐंशी. नीट नाही.
"माझंच गाणं आहे भिया. फार दाबू नका."

मग मीही जरा रंगात आलो.
तीन फायली केल्या, नावं झाकली,
हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.
एकशेअठ्ठावीस. तीनशेवीस. आणि मूळ, न दाबलेली, जड.
डोळे मिटून ऐकलं त्यांनी, मांडीवर बोटं मोजत,
तिन्ही वेळा समेवर मान.
पहिली, म्हणाले. पहिलीच. स्वच्छ आहे.

सगळ्यांत हलकी होती ती.
सांगितलं तर हसले, बँकेतून निवृत्त झालेलं हसू:
"आठ हजार हर्ट्झच्या वर माझं खातं केव्हाच बंद झालंय."

आणि उठता उठता, पायानं चप्पल शोधत:
"दाबताना टाकता काय तुम्ही नेमकं?"
जे ऐकू येत नाही ते, म्हटलं.
मोठ्या आवाजाच्या मागे उभं असलेलं बारीकसारीक.
"ऐकू येत नाही. कोणाला?"

मला उत्तर नव्हतं. दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं.
मूळ फाइल उलटी करून हलकीवर ठेवली;
सारखं होतं ते एकमेकांना खाऊन गेलं,
उरलं ते वाजवलं, आवाज पूर्ण वाढवून.

मोहरी तडतडल्यासारखं काही.
जवारीची सालपटं. स्वर नाहीत, स्वरांच्या कडा,
पत्र्याच्या डब्यात कुणी कुजबुजावं तशा.
आणि खाली, फार खाली,
संध्याकाळच्या पाळीचा मिलचा भोंगा
आणि एक माणूस: हळू, हळू घ्या

काका खाली बसले.
"दिगू टिल्लू. तबल्यावर. मी लय चढवली की असंच करायचा."
परत लावायला सांगितलं. मग परत.
समोरच्या दुकानात कुणी मोबाइलची काच बदलत होतं,
त्याच्या ड्रायरचा आवाज मध्ये आला तर
काकांनी शटर अर्धं ओढायला लावलं.

"हेच द्या."
आणि गाणं?
"गाणं पाठ आहे मला."

पेन ड्राइव्हवर चढवताना फाइलचं नाव विचारलं.
सुटे साठ रुपये मोजत होते ते,
मान वर न करता म्हणाले,
लेबलवर आहे की. नीट नाही.