दहा हजार ओहम

लांब पाय प्लसचा, आखूड मायनसचा.
एवढं शिकायला मला दोन संध्याकाळी लागल्या
आणि पाटणकर बाजारातून आणलेले चार एलईडी.
पहिला थेट नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला:
भक्कन पेटला, टिचकीसारखा वाजला,
आणि ओट्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास.
शेजारचा देवांश कुशवाह, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाचा,
म्हणाला, "मौसी, इसको भी लगाम चाहिए."
लाल, लाल, तपकिरी. दोनशेवीस.
मी ते गॅसच्या पावतीमागे लिहून ठेवलं.

ब्रेडबोर्ड बघून मात्र हसू आलं,
अडुसष्टाव्या वर्षी, एकटीलाच.
ओळीने भोकं, भोकांत वायरी:
अगं, हा तर आपलाच बोर्ड,
फक्त मुंगीच्या मापाचा.

लष्करातल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये
मी आणि शशिकला फाळके, शेजारी शेजारी, उंच स्टुलांवर.
कुणी कुठे रिसीव्हर उचलला
की समोर इवलासा दिवा लागायचा
आणि आम्ही कॉर्ड खुपसून म्हणायचो, "नंबर प्लीज."
भिंडला कुणी गेलं, झाशीला कुणाला मुलगी झाली,
सगळं आधी दिवा व्हायचं,
मग आवाज.

आता शशीला ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं कानाला हेडफोन, त्यानंच, ती म्हणते.
डॉक्टर म्हणतात, वय.
मशीन लावत नाही, कानात गांधीलमाश्या शिरतात म्हणे.
दूधवाला बेल वाजवून वाजवून
दूध परत नेतो.

म्हणून हा सगळा खटाटोप.
देवांश प्रोग्राम लिहून देत होता, मीच नको म्हटलं.
मग एका अर्धविरामानं मला दीड तास अडवलं.
शाळेत ज्याला कुणी कधी विचारलं नाही
तो अर्धविराम, ओळीच्या शेवटी, हवाच म्हणून हटून बसलेला.
बटण दाबलं तर दिवा. नाही तर विझ.
मग पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा.
चिपला ना कंटाळा, ना रात्रपाळीचा भत्ता.

गजकचा रिकामा डबा घेतला,
झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं,
त्यातून दिव्याचं लाल डोकं बाहेर काढलं.
वायर चौकटीवरून, चिकटपट्टीनं, जरा वाकडीच.

पहिल्या दिवशी शशीनं सात वेळा दार उघडलं.
साती वेळा दारात कुणी नाही.
एकदा तर म्हणे केस नीट करून गेली.

मोकळी वायर, देवांश म्हणाला,
हवेतलं काहीबाही ऐकत बसते:
ट्यूबलाइट, शेजारचा मिक्सर, नुसता जवळून गेलेला हात.
तिला भास होतात.
दहा हजार ओहमचा एक घाला, तपकिरी, काळा, नारिंगी,
तिला ग्राउंडला बांधून टाका,
म्हणजे कुणी नसेल तेव्हा
ती शून्यच सांगेल.

बांधून टाकली.

चार दिवसांनी गेले तर शशी
डबा मांडीवर घेऊन बसलेली.
"बिघडला ग तुझा दिवा.
सकाळी दुधाला लागतो, बस.
आधी किती छान चालत होता."

तिच्याशी बोलायची पाटी खिडकीत असते.
मी खडू घेतला. 'बिघडला नाही' एवढं लिहिलं,
पुढचं वाक्य मनात तयार होतं,
आणि बाहीनंच सगळं पुसलं.

चपला घातल्या. बाहेर आले.
दार ओढून घेतलं आणि बटणावर बोट ठेवलं,
आतून तिची पावलं ऐकू येईपर्यंत
काढलं नाही.