बस नंबर चौदा

पन्नास फेऱ्या झाल्या,
लोड फ्लो जुळत नाही.
मे महिना, दुपारचे तीन.
लॅबच्या कूलरमधल्या वाळ्याला कुबट वास.

स्क्रीनवर नागपूर: तीस आडव्या रेघा, काही बाण.
कोराडी म्हणजे एक गोल.

चाफले काका खांद्यावरून वाकले,
"मॅडम, यात आमचा कूलर कोन्ता?"

बस चौदावर बोट ठेवलं.
तिथे पाचपावली, इतवारी, अर्धा महाल
एकाच आकड्यात कोंबलेले.
दशांशानंतर तीन घरं.

"एवढासाच?"
मग म्हणाले, "रात्री पोरं गच्चीवर झोपतेत,
तवा बंद ठेवतो. ते धरलं काय?"

नव्हतं धरलं.

काका बादली घेऊन
कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.
मी तो आकडा खोडला
आणि बराच वेळ
त्या जागी काही लिहिलं नाही.